सेलेस्तीनावरचा खटला

पांतानो दो सुल,
मंगळवार, २ जुलै १९९६

प्रिय दिंदा,

आशीर्वाद दे. इकडे सगळे खुशाल आहेत. तुझी खुशाली गेल्या पत्रात कळली, खोकला गेला हे वाचून बरं वाटलं.

बाकी काही लिहिण्याआधी एक दुरुस्ती. गेल्या पत्रात मी लिहिलं होतं की सेलेस्तीना घर सोडून निघते त्या प्रसंगात पाळण्याशेजारचा दिवा जळत असतो. ते चूक आहे. दिवा जळत नाही. मी आठवणीतून लिहिलं होतं, आणि आठवणीत तो दिवा मीच लावून ठेवला होता. ते पत्र जवळ असेल तर त्या ओळीवर काट मार. खरडून पुसू नकोस, खालचं वाचता येईल अशी काट मार. तूच तसं शिकवलं आहेस.

तुला वाटेल, टीव्हीवरच्या मालिकेतला दिवा, जळला काय नि विझला काय. पण शनिवारी, संत पेद्रोच्या सणाला, चर्चच्या सभागृहात जे घडलं ते सगळं या दिव्यावरून घडलं. दर पत्रात तू शेवटी एकच प्रश्न विचारतेस: आईने माझं नाव काढलं का? आठ वर्षं मी त्याला ‘अजून नाही’ एवढंच उत्तर देत आले. या वेळचं उत्तर पत्रात आहे, पण ते त्याच्या जागी येईल. आधीच सांगितलं तर तू बाकीचं वाचणार नाहीस. मी तुला ओळखते.

आधी घरचं. बोय मासे यंदा उशिरा आले, पण आले ते असे की बाबांनी थवा दिसल्याची खूण म्हणून खडकावरून कोट हलवायला सुरुवात केली तेव्हा कुणाला खरंच वाटेना. अर्धं गाव अनवाणी धावलं. जाळं ओढताना माझ्या तळहाताची सालं निघाली. आपल्या बहिणींत एकट्या नायरला वाट्यात गाबोळी भरलेली मोठी मादी मिळाली, तेव्हापासून ती आपणच सगळा समुद्र ओढून आणल्यासारखी वागते आहे. बाबा रोज पहाटे खडकावर जातात आणि अंधार पडल्यावर येतात. घरात काय चाललंय ते त्यांना माशांकडूनच कळत असावं.

आता मालिकेचं. तू ‘दक्षिणवारा’ पाहिलेली नाहीस, माझ्या पत्रांतून ऐकली आहेस, म्हणून जेवढं लागेल तेवढं परत सांगते. आपल्याच बेटावरचं घर, सात बहिणी. सातवी दोरोतेया. सातवीची धर्ममाता थोरल्या बहिणीनेच व्हायचं, नाहीतर सातवी चेटकीण होते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तू माझी दिंदा, म्हणजे धर्ममाता, झालीस तीही त्यामुळेच. मालिकेत थोरली सेलेस्तीना बाप्तिस्म्याच्या आदल्या पहाटे गाठोडं घेऊन निघून जाते. पोर मागे रडत राहतं. पुढे दोरोतेया चेटकीण होते, घोड्यांच्या आयाळीच्या वेण्या घालते, कोळ्यांच्या बोटी चोरून दूरदेशी जाते आणि कोंबडा आरवायच्या आत परत येते. आणि शेवटी न्यायाधीशाचं तान्हं बाळ हातात असताना त्याचं रक्त न पिता ते परत पाळण्यात ठेवते. या शेवटच्या प्रसंगावर देशभर लोक रडले होते. दुकानदार वाल्दोमिरोकाकाही रडला होता, पण तो म्हणतो ते कांद्यामुळे.

आणि सेलेस्तीनाचा सगळ्यांना राग. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. काकाच्या दुकानात टीव्हीपुढे ती दिसली की पोरं बाटलीची बुचं फेकायची. आपली आई तर मांडीवरच्या लेस विणायच्या उशीवरून मान वर न करता म्हणायची, “आली बघा निर्लज्ज.” चित्र न पाहता, नुसत्या आवाजावरून.

ती कुणाला म्हणत होती ते दुकानातल्या प्रत्येकाला कळत होतं, दिंदा. मी हे तुला आजवर लिहिलं नव्हतं.

आणखी एक लिहिलं नव्हतं. कुणी विचारलं, किती मुली तुम्हाला, तर आई “सहा” म्हणते. म्हणायची. गावात त्याचा विनोद झाला होता. मी शेंगदाणे आणायला गेले की काका म्हणायचा, “आईच्या हिशोबाने तू सहावी, झेनायदे. म्हणजे तू चेटकीण नाहीस. उगीच घाबरतो आम्ही.” लोक हसायचे. मीही हसायची, आणि घरी येऊन मनात मोजायची.

मालिकेची पुन्हा पुन्हा प्रक्षेपणं झाली तसे तिचे चाहते दूरदूरहून येऊ लागले. संत पेद्रोच्या सणाला ब्लूमेनाऊहून एक अख्खी बस येते. दोरोतेयाची बोट जिथे परत येते ती वाळू बघतात, पिशवीत भरून नेतात, मग सभागृहात बसून दुपारभर बोलतात: तुझा आवडता प्रसंग कुठला, दोरोतेयाने आयाळीच्या वेण्या सोडवल्या असत्या तर, पाद्रीने खोटं का बोलावं. त्यांची पुढारी हेल्गाबाई, दंतवैद्याची बायको, उंच, आवाज घंटेसारखा. यंदा तिनेच सुचवलं की नुसत्या गप्पा पुरे, सेलेस्तीनावर खटला चालवू. आरोप: तान्ह्या बहिणीला शापाच्या तोंडी टाकून पळून जाणं. फिर्यादी ती स्वतः. न्यायाधीश वाल्दोमिरोकाका, कारण व्हिडिओ त्याचा. बचावाला मात्र कुणी तयार होईना. म्हणून गावातल्या चाहत्यांची नावं काकाच्या टोपीत टाकली आणि चिठ्ठी काढली.

तुला कळलंच असेल कुणाची निघाली.

मी माझ्या मैत्रिणीला, जुसेलियाला म्हणाले, माझ्याऐवजी तू उभी राहा. ती म्हणाली, “मी? मला सेलेस्तीना भेटली तर मी तिचे केस उपटीन. तुझं नशीब, तू भोग.” मग मी काकाकडे गेले की माझी चिठ्ठी परत टोपीत टाका. तो म्हणाला, “कोर्टात असं चालत नाही.” आयुष्यात तो कोर्टात एकदाच गेला आहे, शेजाऱ्याच्या डुकरावरून.

घरी आईला सांगितलं. सांगायलाच हवं होतं, दुसऱ्याकडून कळलं असतं तर वाईट. तिच्या हातातल्या लेसच्या लाकडी दांड्या थांबल्या. “तू तिची बाजू घेणार?” मी म्हणाले, चिठ्ठी निघाली आई. ती म्हणाली, “चिठ्ठीला तोंड नसतं. तुला आहे.” त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी मीठ-मिरचीपुरतंच बोलली.

इथे मला एक खरं लिहिलं पाहिजे. मी सेलेस्तीनाची बाजू प्रेमाने घेतली नाही. चिठ्ठी निघाली म्हणून घेतली. मलाही तिचा राग होता. तू मला क, ख पासून सगळं घरी शिकवलंस, दम लागायचा म्हणून मला टेकडीपलीकडच्या शाळेत पाठवत नव्हते तेव्हा तूच माझी शाळा होतीस, आणि मी अकराची असताना एका सकाळी चूल थंड होती आणि तू नव्हतीस. आईने ठरवलं होतं की थोरलीने घर धरायचं, लग्न नाही, गाव सोडणं नाही. ते तुला कसं लागलं असेल हे मला आज कळतं. तेव्हा फक्त चूल कळली होती.

पण घेतलेलं काम नीट करायचं, हेही तुझंच. म्हणून दुपारी दुकान रिकामं असायचं तेव्हा मी काकाच्या कॅसेटवर तो प्रसंग पाहायला लागले. सगळ्यांनी तिथेच थांबवून थांबवून शिव्या दिल्यामुळे कॅसेट नेमकी तिथे झिजली आहे. सेलेस्तीना दारात उभी, मागे पाळणा, खोली अंधारी, आणि पाळण्याच्या बाजूला वरून खाली गेलेला एक पांढरा ओरखडा. आम्ही सगळे तो ओरखडाच समजत होतो. काका म्हणायचा, “हा माझ्या पोराने मशीनमध्ये जेवायचा काटा घातला होता त्याचा.” पोराने त्यासाठी मारही खाल्ला होता.

मला वाटलं, एकाच कॅसेटवर विसंबून बोलणं बरं नाही. जुसेलियाने स्वतःच्या घरी वेगळी कॅसेट भरली होती, ती मागून आणली. लावली. तिच्यावरही तोच पांढरा ओरखडा, त्याच जागी. दोन वेगळ्या कॅसेटींवर एकच ओरखडा कसा येईल? मी चित्र थांबवलं नाही, हळू चालू दिलं. तर तो ओरखडा हलत होता. वर जात होता, वळत होता.

तो धूर होता, दिंदा. दिव्याच्या वातीचा. नुकत्याच विझवलेल्या वातीचा.

मी खुर्चीवरून उठले ते तशीच उभी राहिले. काका म्हणाला, “काय गं, भूत पाहिलंस का?” मी “हो” म्हणाले आणि कॅसेट काढून घेतली; खरं सांगितलं असतं तर त्याने शनिवारच्या आत गावभर केलं असतं.

कारण आपल्याकडे बाप्तिस्मा न झालेल्या पोराच्या खोलीत दिवा विझवतं कोण? कुणीच नाही. डोक्यावर पाणी पडेपर्यंत तो दिवा अखंड जळतो, नाहीतर चेटकिणी पोराचं रक्त प्यायला येतात. तो विझवायचा तो बाप्तिस्मा झाल्यावर. मग सेलेस्तीनाने निघताना दिवा विझवला याचा अर्थ एकच. तिने पोराच्या डोक्यावर पाणी घातलं होतं. स्वतःच्या हाताने, घरातच. अडचणीच्या वेळी कुणीही घालू शकतं, पाद्री लागत नाही. आम्ही बेटावरची माणसं, लहानपणापासून हे जगलेली, आणि आमच्या ते लक्षात आलं नाही, कारण ती दारात दिसली की आम्ही बुचं शोधायला लागायचो.

शनिवारी मिरवणूक झाली, बोटींना आशीर्वाद झाले, सगळ्यांनी बोय आणि रश्श्यात कालवलेलं पीठ जेवून घेतलं. मी माझं ताट जुसेलियाकडे सरकवलं. सभागृह भरलं. आई मागच्या बाकावर उशी घेऊन बसली, तिच्या शेजारी नायर. मला वाटलं होतं ती येणार नाही. ती आलेली पाहून मी कॅसेटींची पिशवी पुन्हा एकदा तपासली.

काकाने लाकडी कालथा टेबलावर आपटला. हेल्गाबाई बोलायला उभी राहिली आणि खरं सांगते, छान बोलली. ती म्हणाली, दोरोतेयाचं सगळं दुःख, तिची एकटी रात्र, गावाने तिच्यावर टाकलेला दगड, सगळं त्या एका पहाटेपासून सुरू होतं. “जिने हातात धरायचं तिनेच हात सोडला!” लोकांनी पाय आपटले. आईच्या दांड्या खटखट चालल्या होत्या, नेहमीपेक्षा जलद.

मग मी. माझा आवाज पहिल्यांदा निघालाच नाही. काका म्हणाला, “बचाव पक्षाने जीभ गिळलेली दिसते.” हशा झाला, आणि त्या हशाने मला बरं वाटलं. मी दोन्ही कॅसेटी दाखवल्या, आधी एक, मग दुसरी. धूर दाखवला. काकाचा पोरगा किंचाळला, “बघा! मी काटा घातलाच नव्हता!” आणि बापाकडे असं बघितलं की न्यायाधीशाने मान खाली घातली. मी दिव्याची रीत सांगितली. गावातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला दिसत होतं, एकेकीच्या तोंडावर, की अरे, हो.

मी म्हणाले, म्हणजे सेलेस्तीना शाप ठेवून गेली नाही, काढून गेली.

तर ब्लूमेनाऊचा एक जण ओरडला, “मग दोरोतेया चेटकीण झाली कशी?”

मी याचा विचार केला होता, पण सांगायला लाजत होते. जुसेलियाच मधे बोलली, आणि ती तर फिर्यादीकडे बसली होती: “कशी म्हणजे? तिला व्हायचं होतं म्हणून! बोट घेऊन दूरदेशी जायचं आणि कोंबड्याच्या आत परत यायचं, याला काय शाप लागतो? मला आज बोट द्या, मी आज निघते!”

काय गोंधळ झाला सांगू. सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणे, मग तर शेवटी बाळाला परत ठेवणं आणखी मोठं, कारण ते तिने स्वतःच्या मनाने केलं, शाप उतरल्यामुळे नाही. एक म्हातारा म्हणाला, हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. त्याची बायको म्हणाली, “तुला सकाळी काय जेवलास ते माहीत नसतं.”

पण हेल्गाबाई सहज हरणारी नाही. तिने हात वर केला, सगळे थांबले, आणि ती अगदी शांतपणे म्हणाली, “धूर मला दिसतो. पण दिवा तिने विझवला हे कशावरून? दार उघडं आहे. मालिकेचं नावच दक्षिणवारा आहे. वाऱ्याने विझला असेल, आणि ती त्या अंधारात पोराला टाकून गेली. म्हणजे गुन्हा दुप्पट.”

दिंदा, मी सगळं तपासलं होतं आणि वारा तपासला नव्हता. मी तिथे उभी, हातात कॅसेट, आणि माझ्या कानात माझाच श्वास वाजत होता, लहानपणी वाजायचा तसा. काकाने कालथा उचलला.

तेव्हा मागच्या दांड्यांचा आवाज थांबला.

“वाऱ्याने दिवा विझला,” आई म्हणाली, “तर बाई आधी तो लावते, मग दाराकडे बघते. पोर बाप्तिस्म्याविना असेल तर तो लावल्याशिवाय कुणी उंबऱ्याकडे पाऊल टाकत नाही. वाईटातली वाईट बाई नाही टाकत.”

ती उठली नव्हती. उशी मांडीवर तशीच. सगळं सभागृह वळून तिच्याकडे बघायला लागलं.

हेल्गाबाईने आदराने विचारलं, “पण बाई, हे तुम्ही इतक्या खात्रीने कसं सांगता?”

“सात बाळंतपणं झाली आहेत माझी.”

नायरने माझ्याकडे पाहिलं. आणि वाल्दोमिरोकाका, देव त्याचं भलं करो, सवयीने म्हणाला, “सहा ना, दोना ओतिलिया?”

“सात! मोजता येत नाही का रे तुला? दुकान कसं चालवतोस?”

मग ती बोलत गेली. माझ्याकडे न बघता, पुढच्या भिंतीकडे बघत. मी जेवढं आठवतं तेवढं तसंच लिहिते, नायरलाही विचारून घेतलं आहे. “सातवी झाली ती निळी होती. बाहेर असा दक्षिणवारा की पाद्री टेकडीपलीकडून येऊ शकेना. सुईण म्हणाली, दिवा सांभाळा, बाकी देवाच्या हातात. माझी थोरली चौदाची. इदालीना. तिने वाटीत पाणी घेतलं, पोरीच्या डोक्यावर ओतलं, प्रार्थनेचे शब्द म्हणाली, एकही न चुकता. आणि दिव्यावर फुंकर मारली. मी ओरडले, लाव, आधी दिवा लाव, पाद्री यायचाय! तर म्हणाली, आता नको आई, झालं. ही आता कुणाची भीती नसलेली पोर आहे. तू झोप. आणि मी झोपले हो. सकाळी पोरीने दूध घेतलं. पुढे पाद्रीने चर्चमध्ये जे केलं ते नुसतं कागदाला.” मग तिने माझ्याकडे हनुवटी केली. “ती बघा पोर. तिथे उभी राहून वाद घालते आहे.”

दिंदा, तू मला हे कधीच का सांगितलं नाहीस? मला चर्चचंच माहीत होतं. एकोणीस वर्षं मी एवढीशी सावली दिसली तरी दचकते, आणि तू पहिल्याच दिवशी माझ्यासाठी दिवा विझवून बसली होतीस.

आईने उशीवरचा एक दोरा ताणून घेतला. मग म्हणाली, “ती सेलेस्तीना जायची तिथे गेली. बरं केलं का वाईट ते मी सांगत नाही. पण पोरीला उघड्यावर टाकून गेली नाही. आता चालवा तुमचं पुढे.” आणि दांड्या परत सुरू झाल्या.

पुढे चालवायला काही उरलंच नव्हतं. काकाने हात वर करायला सांगितले. निर्दोष म्हणून आधी गावातल्या बायकांचे हात वर गेले, मग ब्लूमेनाऊच्या बाकांवरचे, मग पोरांचे दोन दोन. सगळ्यांत शेवटी हेल्गाबाईने स्वतःचा हात वर केला, डोळे पुसत, आणि मला येऊन अशी मिठी मारली की माझी हाडं वाजली. “पुढच्या वर्षी तू फिर्यादी आणि मी बचाव,” ती म्हणाली, “तुझ्याविरुद्ध जिंकायचंय मला.” कुणीतरी बाहेर फटाके लावले. सणाचेच होते, पण जुसेलिया अजून म्हणते आहे की ते सेलेस्तीनासाठी होते. काकाने पोराची सगळ्यांसमोर माफी मागितली आणि मला खांद्यावर घ्यायला निघाला, त्याच्या कंबरेचा विचार करून मी नको म्हणाले. पण मी हसत होते, दिंदा. मोठ्याने. सगळ्यांसमोर.

हे झालं तुझ्या प्रश्नाचं उत्तर. काढलं. भर सभेत काढलं, दोनशे माणसांपुढे. (नायर म्हणते दीडशे. मी मोजले नाहीत.)

घरी येताना आई फक्त माशांच्या भावाचं बोलली. रविवारीही तेच. मला वाटलं, झालं तेवढंच. काल सकाळी ती पीठ चाळत होती, तशीच पाठमोरी म्हणाली, “इदालीनाला पत्र लिहितेस ना?” मी चुलीत लाकूड सारलं. “आठ वर्षं टपाल येतं त्या दिवशी वाल्दोमिरोकडे काडेपेटी आणायला जातेस आणि काडेपेटी न आणता येतेस. मी काय आंधळी आहे?” मी म्हणाले, तुझ्या वतीने काय लिहू? तर म्हणाली, “काही लिहू नकोस. तू लिहिशील, मग खोडशील, मग पुन्हा लिहिशील, तोवर हंगाम संपेल. जा आणि घेऊन ये.”

मी विचारलं, तू तिला माफ केलंस का. मला विचारायला हवं होतं, नाहीतर तुला काय सांगणार?

“माफ-बिफ काही केलेलं नाही,” आई म्हणाली. “आठ वर्षांचं भांडण साठलंय माझ्याकडे. ते काय मी भिंतीशी भांडू?” आणि चाळण अशी आपटली की अर्धं पीठ खाली. पण मागून नायरने मला सांगितलं, आईने माळ्यावरची तुझी गादी उन्हात टाकायला लावली आहे.

म्हणून मी येते आहे. तुला कायमची परत आण असं कुणी म्हटलेलं नाही आणि मीही म्हणणार नाही. तुझं मिठाईचं काम आहे, तुझी खोली आहे, तुझं पेलोतास शहर आहे. पंधरा दिवस ये. भांड, जेव, मग हवं तर सगळ्यांसमोर, भर दुपारी, निरोप घेऊन जा. तू ‘नको’ म्हणालीस तरी मी येणारच, कारण ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे आणि मग तुझ्याशी वाद घालायचा आहे. आता मला तो जमतो.

मी बेटाच्या पुलापलीकडे कधी एकटी गेलेले नाही, हे तुला ठाऊक आहे. पोर्तो आलेग्रीला गाडी बदलायची असते, तेव्हा मी चुकीच्या गाडीत बसेन असं मला सारखं वाटतं आहे. जुसेलियाने पाटी कशी वाचायची ते दोनदा सांगितलं, मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, “वाऱ्याचं विचारतेस का आता?” भीती वाटते आहे. तरी तिकीट काढलं आहे. गाडी पहाटेची आहे, संध्याकाळी पोचते. तू कामावर असशील तर मी दाराशी थांबेन.

तुला न्यायला येणारी,
झेनायदे
(येते आहे शनिवारी, १३ जुलै रोजी)